नवी ओवी नको

मराठीच्या मास्तराने बासरीच्या दुरुस्तीवर लिहावे, हे पाहून या सदराचे संगीतप्रेमी वाचक भुवया उंचावतील. खुशाल उंचावोत! मोडके कसे जोडावे यापेक्षा हात कुठे आवरावा हा प्रश्न अवघड. आणि तो आम्हां पोथ्या चाळणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

माझे थोरले बंधू रत्नागिरीस नोकरीला होते. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी मैफलीत आणलेल्या लांब बासरीच्या जातीची एक बासरी ते रोज वाजवीत. ते गेले, वहिनी मुलासह अमरावतीला आमच्याकडे आल्या आणि बासरीही आली. कोकणच्या दमट हवेत मुरलेला बांबू वऱ्हाडच्या वैशाखात उकलला. फुंकेच्या छिद्राच्या जरा खालून वीतभर चीर गेली. बांबूच्या पेरात तंतू सारे उभे, त्यांना आडवे बांधणारे कोणी नाही. म्हणून चीर एकदा सुरू झाली की सरळ धावत सुटते.

दुकानदार म्हणाला, "नवी घ्या." एका हौशी स्नेह्यांनी भोके तासून, वर पॉलिश चढवून देण्याची तयारी दाखवली. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, वाजली पाहिजे. पण त्यांचीच राहिली पाहिजे."

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. बिघडलेले पाठ दुरुस्त केले. पण यात कोणी आपली ओवी घालू नये, असेही बजावले. तोच नियम मी बासरीला लावला.

प्रथम आठवडाभर तिला झाकल्या ट्रंकेत ओल्या फडक्याच्या शेजारी ठेवली, फडके टेकू न देता. बांबू फुगला, फट केसाएवढी उरली. तीत मधमाश्यांचे मेण नखाने दाबून भरले आणि वरचे पुसून घेतले. झटपट चिकटणारा गोंद कारागीरही वापरतात. पण तो बसला की निघत नाही. मेण उद्या कुणा जाणकाराला खरवडून काढता येईल. मग तीन जागी बोटभर रुंदीचे, मेण लावलेल्या सुती दोऱ्याचे घट्ट वेढे. गाठ नाही, वेढ्यांखाली आधीच ठेवलेल्या फासात टोक ओवून ते आत ओढून घेतले. फुंकेच्या छिद्राची कड भाऊंच्या ओठाने झिजली आहे. तिला हात लावला नाही.

परीक्षा सोपी असते. सारी भोके आणि खालचे तोंड बंद करून हवा आत ओढायची. बासरी ओठांना चिकटून राहिली की गळती नाही.

पुतण्याने सगळी भोके मिटून खालचा पंचम लावला. वर गळती असली की आधी हाच सूर दगा देतो. तो लागला, आणि टिकला. वहिनी काही बोलल्या नाहीत. "पुन्हा वाज" एवढेच म्हणाल्या.

चीर अजून दिसते. दिसू द्या. ती पुसायला निघालो असतो, तर तिच्याबरोबर आणखी काय पुसले गेले असते, ते मला सांगवत नाही.