स्वभावाला पथ्य असतं!

‘जाऊ दे गं, त्यांचा स्वभावच आहे तसा.’

हे वाक्य तुमच्या घरी कितीदा ऐकू येतं? आमच्याकडे आठवड्यातून चारदा तरी यायचं. आमटीत मीठ कमी पडलं की बाबांचा आवाज चढायचा आणि आई हे वाक्य म्हणत वाटी उचलून न्यायची. मॅटर क्लोज! मी आवाज चढवला की मात्र तो उद्धटपणा.

पुढे नोकरी लागली. तिथेही सेम टू सेम. भर मीटिंगमध्ये बॉसने फाइल भिरकावली, तर सीनियर म्हणते, ‘मनाने चांगले आहेत गं, फक्त स्वभाव तापट.’ फंडा क्लिअर झाला. खुर्ची मोठी असेल तर राग हा स्वभाव, नसेल तर ‘अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम’.

मागच्या रविवारी डेडलाइन डोक्यावर होती आणि आईचा फोन आला. जेवलीस का वगैरे. मी सॉलिड खेकसले आणि फोन ठेवला. रात्री मावशीकडून कळलं, आई तिला म्हणाली, ‘स्वभाव आहे तिचा, बापावर गेलीये.’ म्हणजे मला माफी मिळाली होती. पण धस्स झालं. बाबांच्या लिस्टमध्ये माझं प्रमोशन झालं होतं आणि वाटी पुन्हा आईच उचलत होती.

मग हा शब्दच जरा उघडून बघितला. ‘स्व’ म्हणजे आपला. ‘भाव’ आला ‘भू’ या संस्कृत धातूवरून, आणि त्याचा अर्थ असणं, तसंच होणं. म्हणजे ‘मी अशीच आहे’ जेवढं त्यात आहे, तेवढंच ‘मी अशी होतेय’ हेसुद्धा! आपण सोयीचा अर्धा अर्थ वापरतो. वर म्हण तयारच : स्वभावाला औषध नाही.

आता त्याची चुलतबहीण घ्या, ‘प्रकृती’. रोजच्या मराठीत ती म्हणजे तब्येत, पण आयुर्वेदात माणसाची जन्मापासूनची घडण. वात, पित्त, कफ. पित्तप्रकृतीच्या माणसाला उष्णता सोसत नाही, भूक-तहान फार, असं चरकसंहितेत आहे. वैद्य ही प्रकृती बदलत बसत नाहीत. तिखट-आंबट कमी कर, उन्हात फिरू नकोस, एवढंच सांगतात. औषध नसेल, पण पथ्य आहे ना! आणि पथ्य ज्याचं त्यानंच पाळायचं असतं, घरातल्या बाकीच्यांनी नाही.

माझं पथ्य ठरलंय. डेडलाइनच्या वेळी फोन घ्यायचा नाही, काम संपलं की आपणहून करायचा. सोमवारी केला.

‘आई, सॉरी.’

‘अगं, तुझा स्वभावच...’

‘स्वभाव नाही गं. चुकलं माझं.’

पलीकडे एकदम शांतता. मग हळूच म्हणाली, ‘हे परत एकदा म्हण. तुझे बाबा इथेच बसलेत, स्पीकर लावते.’