विदेशी साप पाळण्याचा ‘परवाना’ नेमका कोणता?

प्रतिनिधी

नागपूर : गांधीबागेच्या कापड बाजारात बिलाशिवाय गाठोडे हलत नाही. हजारो रुपयांचा विदेशी साप मात्र विक्रेत्याने दिलेल्या साध्या कागदाच्या भरवशावर घरी नेणे महागात पडू शकते. पाळण्याचा परवाना देण्याचा अधिकार विक्रेत्याला नाहीच.

देशी सापांबाबत कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग वा अजगर हौस म्हणून पाळता येत नाही. अजगर तर पहिल्या अनुसूचीत असून, त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. विदेशी सापांबाबत मात्र हा कायदा दीर्घकाळ जवळपास मौनच बाळगून होता. जून २०२० मध्ये केंद्राने अशा प्राण्यांच्या ऐच्छिक घोषणेसाठी सहा महिन्यांची मुदत दिली. त्या काळात कागदपत्रे मागितली गेली नाहीत. ती सवलत आता उरलेली नाही.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारातील प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळामार्फत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समधील वन भवनात आहे. जुन्या मालकांची सहा महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. नवा प्राणी ताब्यात आल्यास ३० दिवसांत नोंद आवश्यक असून, पिले, मृत्यू आणि हस्तांतर हेही कळवावे लागते.

तथापि, नोंदणी म्हणजे चोरट्या मालाला मिळालेली माफी नव्हे. प्राणी कायदा मोडून मिळवलेला नाही, याची खात्री पटल्यासच ती होते. म्हणजे प्रश्न पुन्हा आयातीच्या कागदांवर येऊन थांबतो.

डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून बिस्किटे व केकच्या पाकिटांत दडवलेले ११ साप पकडले. त्यांत नऊ बॉल पायथन, दोन कॉर्न स्नेक. पहिला ‘साइट्स’च्या यादीत आहे, दुसरा नाही. त्यामुळे कॉर्न स्नेकला चौथ्या अनुसूचीची नोंदणी लागत नाही. आयातीचा परवाना मात्र त्यालाही चुकलेला नाही. एकदा तो शहरातील सदनिकेत पोहोचला की विचारणार कोण, ही या कायद्यातील उघडी फट आहे.

बॉल पायथन घेणाऱ्याने म्हणूनच विक्रेत्याकडे त्याच्या स्वतःच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आधी मागावे. ते नसेल, तर हस्तांतराची नोंद होणार कशी?