एकरकमी पैसा की दरमहा पेन्शन? निवृत्तीचा प्रश्न आपल्या समाजाने स्वतःचा करावा

डिसेंबर २०२५ मध्ये पेन्शन निधी नियामक प्राधिकरणाने राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, म्हणजे एनपीएसचे नियम बदलले. बिगरसरकारी सभासदाला आता निवृत्तीच्या वेळी जमा रकमेपैकी ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम काढता येते. उरलेल्या किमान २० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावी लागते. आधी ही सक्ती ४० टक्क्यांची होती. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ती आजही ४० टक्केच आहे.

हा बदल सवलत म्हणून मांडला गेला. स्वतःचा पैसा स्वतःच्या हातात येत असेल तर कोणाला नको आहे? पण जालना जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला या सवलतीची दुसरी बाजूही दिसते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी पगारी नोकरीतून निवृत्त होत आहे, त्या घरात एकरकमी पैसा किती दिवस टिकतो आणि त्यानंतरची वीस वर्षे म्हातारा-म्हातारी कशावर जगतात, हा प्रश्न आपल्या सभा-संमेलनांत क्वचितच येतो. आरक्षणाने आपल्या दोन पिढ्यांना नोकरी दिली. त्या नोकरीनंतरचे म्हातारपण सन्मानाचे जाते का, हाही तितकाच राजकीय प्रश्न आहे.

ॲन्युइटी म्हणजे काय?

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातल्या वाचकांना ऊसतोडीची उचल माहीत आहे. मुकादमाकडून हंगामाआधी एकरकमी पैसा घ्यायचा आणि पुढचे पाच-सहा महिने कोयता चालवून तो फेडायचा. ॲन्युइटी म्हणजे उलटी उचल. इथे आपण विमा कंपनीला आधी एकरकमी पैसा देतो आणि कंपनी आपल्याला मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम देत राहते. आपण ६५ व्या वर्षी गेलो तरी करार तोच आणि ९५ वर्षे जगलो तरी तोच.

कंपनीला हे परवडते, कारण तिच्याकडे हजारो लोकांचा पैसा एकत्र असतो. लवकर जाणाऱ्यांचा उरलेला पैसा दीर्घकाळ जगणाऱ्यांच्या पेन्शनला पुरतो. ॲन्युइटीचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

मराठीत यासाठी जुना शब्द आहे, वर्षासन. पेशवाईत ब्राह्मणांना आणि देवस्थानांना दरवर्षी ठरावीक रक्कम लावून दिली जाई, ते वर्षासन. गावकीची कामे करणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या वाट्याला बलुतं आणि मागून आणलेली भाकरी आली. आयुष्यभराच्या नियमित उत्पन्नाची हमी ही कल्पना या देशात जुनीच आहे. ती कोणाला मिळणार हे मात्र जातीने ठरवले होते.

हिशोब करून पाहू

समजा, एका सरकारी कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात निवृत्तीच्या दिवशी ३० लाख रुपये आहेत. ४० टक्के म्हणजे १२ लाखांची ॲन्युइटी घ्यावी लागेल. दर साडेसहा टक्के धरला तर वर्षाला ७८,००० आणि महिन्याला ६,५०० रुपये मिळतात. साध्या ॲन्युइटीत ही रक्कम वाढत नाही. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर बारा वर्षांनी त्या ६,५०० रुपयांत आजच्या ३,२५० रुपयांइतकेच सामान येईल.

जुन्या पेन्शनचा लढा यातूनच उभा राहिला. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील लाखो कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, ते ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत. २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या या योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्यांना शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के हमी आहे. म्हणजे बाजाराच्या चढ-उतारावर म्हातारपण सोडता येत नाही, हे संपाच्या रेट्याखाली का होईना, सरकारलाही मान्य करावे लागले.

लवकर कोण जाते?

ॲन्युइटीत लवकर मरणारा हरतो आणि दीर्घायुषी जिंकतो, हे वर पाहिले. आता समाजशास्त्राचा प्रश्न विचारू. लवकर कोण मरते? २०२२ मध्ये अमेरिकेच्या ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत भारतातील नऊ राज्यांचा अभ्यास आला. त्यात महाराष्ट्र नव्हता. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी असल्याचे त्यात दिसले. घरच्या आर्थिक परिस्थितीतला फरक लक्षात घेतल्यावरही ही दरी पूर्ण भरत नव्हती.

ॲन्युइटीचा दर ठरवताना विमा कंपनी वय पाहते. जन्मभर भट्टीपुढे उभा राहिलेला कामगार आणि वातानुकूलित कार्यालयातून निवृत्त झालेला अधिकारी एकाच वयाचे असतील तर दोघांना दर एकच. कागदावर ही समानता आहे. प्रत्यक्षात लवकर थकलेल्या शरीरांचा पैसा जास्त जगणाऱ्यांकडे सरकण्याचीच शक्यता अधिक.

मग ॲन्युइटी घेऊच नये का? आम्ही तसे म्हणत नाही. एकरकमी पैशावर नातेवाईक, एजंट, लग्नाचा खर्च, मुलाच्या नोकरीसाठी मागितले जाणारे ‘डोनेशन’ या सगळ्यांचा डोळा असतो. दरमहा येणाऱ्या पेन्शनवर तसा हात मारता येत नाही. घरातल्या बाईच्या दृष्टीने तर हा फरक फार मोठा आहे. प्रश्न कोणती ॲन्युइटी घ्यायची याचा आहे.

फक्त स्वतःच्या हयातीपुरता पर्याय घेतला तर महिन्याची रक्कम सर्वांत जास्त दिसते, पण मृत्यूबरोबर सगळे थांबते. पत्नीच्या हाती काहीच उरत नाही. संयुक्त पर्यायात नवरा गेल्यावर पत्नीला, किंवा पत्नी गेल्यावर नवऱ्याला, तीच पूर्ण रक्कम हयातभर मिळते. खरेदी किंमत परत मिळण्याची अट जोडली तर दोघांच्या पश्चात मूळ रक्कम वारसांना मिळते. दरमहा रक्कम थोडी कमी होते, पण लवकर मृत्यूचा तोटा भरून निघतो. ज्या समाजात आयुर्मान कमी आहे आणि विधवेच्या नावावर सहसा काहीच नसते, त्या समाजाने हाच पर्याय आधी तपासावा. एकदा घेतलेली ॲन्युइटी सहसा बदलता येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर ती नाकारायला ३० दिवस असतात. म्हणून अर्जावरची ती एक खूण एजंटच्या हाताने होऊ देऊ नका.

जास्त व्याजाचे आमिष

दहा-वीस लाख हाती आले की मल्टिस्टेट आणि पतसंस्थांचे प्रतिनिधी दारात उभे राहतात. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये मराठवाडाभरातल्या ठेवीदारांचा पैसा अडकला. त्यात निवृत्तीची पुंजी ठेवलेले लोक होते. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांना ते लागू नाही. हा फरक प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे.

सुरक्षित पर्याय पोस्टातच आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. २०२५ मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता. म्हणजे १० लाखांवर दर तीन महिन्यांनी २०,५०० रुपये. मुदत पाच वर्षांची आणि मुद्दल शाबूत. मात्र ही हयातभराची हमी नव्हे. पाच वर्षांनी तेव्हाचा दर स्वीकारावा लागतो. त्यामुळे थोडी ॲन्युइटी आणि थोडी पोस्टातली ठेव, अशी विभागणी आम्हाला अधिक शहाणपणाची वाटते.

ज्यांना पेन्शनच नाही

आतापर्यंतची चर्चा नोकरदारांची झाली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या कारखान्यांत, बियाणे कंपन्यांत कंत्राटावर राबणाऱ्या तरुणांचे काय? त्यांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर मालकाच्या हिश्श्यातून ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत दरमहा जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात. पेन्शनसाठी दहा वर्षे सेवा लागते. ठेकेदार बदलला की अनेक तरुण पीएफबरोबर हा पेन्शनचा पैसाही काढून घेतात आणि मागची सेवा पुसली जाते.

१५,००० रुपये पगार धरून हिशोब पाहा. तीन ठेकेदारांकडे चार-चार वर्षे केलेली सेवा जोडली तर १५,००० गुणिले १२ भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे २,५७१ रुपये पेन्शन. दर वेळी पैसा काढला तर शून्य. म्हणून यूएएन क्रमांक एकच ठेवा, नोकरी बदलताना सेवा जोडून घ्या, नोकरीत खंड पडणार असेल तर योजना प्रमाणपत्र मागा. ही योजनाही तोकडी आहे. तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबली आहे. ती ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता करावी यासाठीचे आंदोलन शेजारच्या बुलढाण्यातून चालवले जाते. आपल्या संघटनांनी त्यात उतरायला हवे.

ज्यांचा पीएफही कापला जात नाही, त्यांच्यासाठी १८ ते ४० वयोगटात अटल पेन्शन योजना आहे. आयकर भरणाऱ्यांना ती घेता येत नाही. १८ व्या वर्षी सुरू केली तर ५,००० रुपये पेन्शनसाठी महिन्याला २१० रुपये लागतात. तिशीत तेच ५७७ आणि चाळिशीत १,४५४ होतात. सभासदानंतर जोडीदाराला तेवढीच पेन्शन मिळते आणि दोघांच्या पश्चात वारसाला ८.५ लाख रुपये. पण साठीला मिळणारे हे ५,००० रुपये तेव्हाच्या महागाईत किती उरतील, हेही लक्षात ठेवावे लागेल.

आणि ज्यांना महिन्याचे २१० रुपयेही काढता येत नाहीत? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ५०. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. २०२५-२६ च्या रोजगार हमीच्या ३१२ रुपये रोजाने ६८ दिवस काम केले की माणूस या मर्यादेबाहेर जातो. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला ६० ते ७९ वयोगटाचा केंद्राचा वाटा तर महिन्याला २०० रुपयेच आहे.

बाबासाहेबांची दिशा

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली. व्यक्तीला सुरक्षितता मिळेल आणि त्याच पैशातून राज्याला नियोजनासाठी भांडवल मिळेल, असे दोन्ही हेतू त्यात होते. सप्टेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेच्या दीड महिना आधी, एलआयसी स्थापन झाली. पण सर्वांसाठी सुरक्षिततेचे काम अर्धवटच राहिले.

सगळ्यांचा पैसा एकत्र करून म्हातारपणाची जोखीम वाटून घेणे, ही ॲन्युइटीमागची कल्पना चांगली आहे. कंपनी ती विकते तेव्हा मात्र ज्याची पुंजी मोठी आणि आयुष्य लांब त्यालाच तिचा खरा लाभ होतो. राज्याने प्रत्येक वृद्धाला जगण्यापुरती, महागाईशी जोडलेली पेन्शन दिली, तर त्यावरची ॲन्युइटी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावी. आपली मागणी या क्रमाने असली पाहिजे.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो. महिन्यातला एक रविवार विहारात पेन्शनसाठी ठेवा. वस्तीतले निवृत्तीला टेकलेले कर्मचारी, कंत्राटी कामगार, विधवा महिला यांचे कागद एकत्र बसून वाचा. यूएएन तपासा, वारसाचे नाव लागले आहे का पाहा, श्रावणबाळचे अर्ज भरून द्या. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला उत्पन्नाचा चौथा हिस्सा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायला सांगितले आहे. तो हिस्सा राखला जावा आणि योग्य हातात राहावा, यासाठी शिकलेल्या तरुणांनी आपला एक रविवार द्यावा.

जय भीम!