माणसे मोजली, सामानाचे काय?

प्रवासी वाहनाचे मोल आपल्याकडे ते किती माणसे वाहून नेते यावरून ठरते. त्या माणसांबरोबर त्यांचे सामानही येणार, ही साधी गोष्ट मात्र हिशेबाबाहेर राहते. छोट्या व्हॅनच्या बाबतीत ही उपेक्षा केवळ गैरसोयीची नव्हे, तर धोक्याची आहे.

१९८४ साली आलेल्या आणि पुढे ‘ओम्नी’ या नावाने रूढ झालेल्या मारुती व्हॅनने जागेच्या काटकसरीचा नमुनाच घालून दिला. इंजिन पुढील आसनांखाली गेल्याने सुमारे ३.४ मीटर लांबीचा बहुतेक भाग माणसांना व सामानाला मिळाला. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. २०१० साली इको आली ती पाच व सात आसनांच्या प्रकारांत. या दोन प्रकारांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पाच आसनांच्या गाडीत मागे जी मोकळी जागा असते, तीच सात आसनांच्या गाडीत शेवटच्या रांगेने व्यापलेली असते. माणसांबरोबर सामान वाढते आणि नेमकी तेव्हाच त्याची जागा नाहीशी होते.

मग हे सामान पायांशी, दाराशी किंवा टपावर जाते. टपावरील ओझ्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि अरुंद गाडी वळणावर कलंडण्याची भीती वाढते. आतले सुटे सामानही निरुपद्रवी नसते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून एक-दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या पेटीला रोखण्यास सुमारे १४० किलो वजनाइतका जोर लागतो. तो जोर पुढच्या आसनावरील माणसाच्या पाठीने सोसायचा काय?

शाळकरी मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या एक-दशांशाहून जड नसावे. तीस किलोची सहा मुले धरली, तरी नियमात बसणारे ओझे अठरा किलोंचे होते. ते ठेवायचे कोठे, याचा विचार व्हॅन ठरविताना क्वचितच होतो.

उपाय अवघड नाहीत. आसनांमागे भक्कम जाळी, सामान बांधण्यासाठी तळाशी कड्या, आसनांखाली कप्पे, जड वस्तू खाली आणि दार सदैव मोकळे, एवढे पाळले तरी पुष्कळ साधेल. जागेसाठी एखादे आसन कमी केले तर भाडे वाढेल, हा आक्षेप खरा आहे. मध्यमवर्गीय पालकाला तो भार जाणवेलही. परंतु आजच्या स्वस्त भाड्यातील उरलेली किंमत मुलांच्या सुरक्षिततेतून वसूल होत आहे, याचे भान ठेवावयास हवे. शाळांनी व पालकांनी व्हॅन ठरविताना ‘मुले किती?’ या प्रश्नाबरोबरच ‘दप्तरे कोठे?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ती गाडी भरलेली नव्हे, कोंबलेलीच म्हणावी लागेल.