लोकसाहित्याचे संकलन आणि विद्यापीठांचे लोकऋण

विद्यापीठीय शिक्षण आणि समाज यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे बहुधा ‘सेवा’ या एकाच कल्पनेच्या आधारे झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या शिबिरांमुळे विद्यार्थी खेड्यात गेला, हे खरे; परंतु श्रमदान खेड्यात आणि ज्ञान वर्गात, ही विभागणीही त्याबरोबरच रूढ झाली.

मराठी विभागांच्या बाबतीत ही विभागणी अधिक खटकते. कारण लोकसाहित्य हा त्यांच्या अध्ययनाचाच विषय आहे. संकलनावर आधारलेले प्रबंध पुष्कळ सिद्ध झाले. तथापि त्यांपैकी कित्येकांत ओवी गाणारी स्त्री परिशिष्टापुरतीच उरते. तिच्याकडून सामग्री घेतली जाते, अर्थनिर्णय मात्र अभ्यासकाच्या मेजावर होतो.

या दृष्टीने हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात, विद्यापीठीय चौकटीबाहेर, उभारलेला जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प उद्बोधक ठरतो. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात गायिकांची आणि त्यांच्या गावांची नोंद आहे. डोंगरी भागातील गरिबांच्या संघटनेत काम करणाऱ्या स्त्रियाही संकलनात सहभागी होत्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. येथे लोक हे संशोधनाचे केवळ विषय नव्हेत, सहकारी होत.

अशा सहभागाने संशोधनाची शिस्त शिथिल होईल, हा आक्षेप टिकणारा नाही. ओवीतील नातेवाचक संबोधन कोणास उद्देशून आहे, ती कोणत्या प्रसंगी म्हटली जाते, हे गाणारीच नेमके सांगू शकते. तिला वगळून केलेला अर्थ अधिक शास्त्रीय नव्हे, अधिक अपुरा असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसंपर्काच्या कार्यास श्रेयांकांचे स्थान दिले. त्यातून केवळ हजेरीपत्रके आणि अहवाल निर्माण व्हावयाचे नसतील, तर मराठी विभागांनी किमान तीन पथ्ये पाळणे अगत्याचे आहे : संमतीने गायिकेचे नाव नोंदविणे, लावलेला अर्थ तिला वाचून दाखविणे आणि संकलनाची प्रत गावच्या शाळेत वा वाचनालयात ठेवणे. यांस मोठे अनुदान लागत नाही. ज्ञान केवळ विद्यापीठातच निर्माण होते, हा ग्रह मात्र सोडावा लागतो.