पदवी आणि टिप्पणी

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकीत एक तक्रार हटकून ऐकू येते. विद्यापीठाने आपल्याला नोकरीसाठी तयार केले नाही, ही ती तक्रार. इतिहास घेऊन पदवीधर झालेला गृहस्थ म्हणतो, तहांच्या तारखा पाठ केल्या, पण रजेचा हिशेब कसा मांडावा हे कोणी सांगितले नाही. रसायनशास्त्राचा पदवीधर निविदांचे तुलनापत्रक तयार करताना परीक्षानळीची आठवण काढून उसासा टाकतो. ह्या उसाशांतून एक उपायही निघतो, आणि अलीकडे तो मोठमोठ्या व्यासपीठांवरून सांगितला जातो: महाविद्यालयांनी कचेरीचे काम शिकवावे, पदवी रोजगाराभिमुख करावी. आमच्या मते ही तक्रार खोटी आहे, आणि उपाय तर तिच्याहून वाईट आहे.

आपल्याकडे नोकरी आधी आली आणि विद्यापीठ मागाहून आले, ही गोष्ट आपण विसरतो. इंग्रजी शिकलेल्यांस सरकारी नोकरीत अग्रक्रम द्यावा, असा ठराव लॉर्ड हार्डिंग ह्यांनी १८४४ साली केला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे निघाली १८५७ साली. त्या विद्यापीठांत प्रथम अध्यापन नव्हतेच. परीक्षा घ्यावी आणि प्रमाणपत्र द्यावे, एवढेच त्यांचे काम. शिकलेल्यांनी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त धंदे धरावेत, अशी अपेक्षा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. तिची वाट काय लागली, हे सांगण्यास आमच्यासारख्या कारकुनाची साक्ष पुरेशी आहे.

तेव्हा विद्यापीठाने आपल्याला तयार केले नाही असे नव्हे. फार चोख तयार केले. तीन वर्षे आपण काय करतो? मूळ ग्रंथ ग्रंथालयात राहतो; आपल्या हाती येतो तो अपेक्षित प्रश्नसंच. गेल्या पाच वर्षांत काय विचारले ते पाहावे, त्याचे तयार उत्तर घोकावे, आणि ठरल्या वेळात ते कागदावर उतरवून मोकळे व्हावे. कचेरीत येताच हेच शिक्षण फळास येते. प्रकरण समोर आले की पहिला प्रश्न असतो, "पूर्वी काय केले होते?" जुनी धारिका काढावी, तीतली टिप्पणी उतरावी, नावे व तारखा बदलाव्यात. अपेक्षित प्रश्नसंचाचे नाव येथे पूर्वदाखला असे पडते, इतकाच काय तो फरक.

ह्याची किंमत कोण देतो, ते आमच्या पाहण्यातील एका कचेरीत घडलेल्या प्रकरणावरून कळेल. एका दिवंगत निवृत्तिवेतनधारकाच्या घटस्फोटित कन्येने कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. घटस्फोटाचा दावा वडील हयात असतानाच दाखल झालेला. निकाल मात्र त्यांच्या मृत्यूनंतर लागला. जुन्या धारिकेतील शेरा असा, की घटस्फोट हयातीत झालेला नसल्याने अर्ज अमान्य. चार टेबलांवरच्या चार पदवीधरांनी तोच शेरा चार वेळा सुवाच्य उतरवला, आणि प्रकरण अकरा महिने वर-खाली होत राहिले. वास्तविक जुलै २०१७ च्या ज्ञापनाने ही अट बदलली होती: निवृत्तिवेतनधारक अथवा त्याचा जोडीदार हयात असताना दावा दाखल झालेला असला, तर निकाल मागाहून लागला तरी चालतो. ते ज्ञापन त्याच धारिकेत टाचलेले होते! ते शेवटी वाचले ते शिपायाच्या जागेवरून खात्यांतर्गत परीक्षा देऊन वर आलेल्या एका वृद्ध सहकाऱ्यांनी. महाविद्यालयाची पायरी ते चढलेले नव्हते. "हयातीत हा शब्द दाव्याला लागतो की निकालाला?" एवढेच त्यांनी विचारले.

आता रोजगाराभिमुख अभ्यासक्रमाच्या पुरस्कर्त्यांनी सांगावे, ह्या चौघांस महाविद्यालयात निवृत्तिवेतनाचे नियम शिकवले असते तर काय झाले असते? १९७२ चे नियम शिकवले असते, आणि २०२१ साली नवे नियम आले. वित्तीय नियमांची २००५ ची आवृत्ती घोकून घेतली असती, ती २०१७ साली बदलली. कागदाच्या धारिकेला गाठ मारण्याची कला शिकवली असती, तर आज अनेक ठिकाणी धारिकाच संगणकाच्या पडद्यावर फिरते. कचेरीचे काम कचेरीतच शिकावे. मन लावणाऱ्याला त्यास सहा महिने पुरतात. नियम वाचून त्याचा हेतू काय, तो ह्या प्रकरणाला लागतो की नाही, हे ठरवणे आणि ते एका पानात दुसऱ्याला पटेल असे लिहिणे, ही गोष्ट मात्र सहा महिन्यांत येत नाही. ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन परस्परविरोधी बखरी समोर ठेवून शिकवता येते, रसायनाच्या विद्यार्थ्याला फसलेल्या प्रयोगाचा प्रामाणिक वृत्तान्त लिहावयास लावून शिकवता येते. भाषेची सबबही चालणार नाही. आपल्यापैकी कित्येकांनी मराठीतून पदवी घेतली आणि आज हिंदीत वा इंग्रजीत टिप्पणी लिहितात. ज्याने मराठीत दहा निबंध स्वतःच्या डोक्याने लिहिले, त्याला दुसऱ्या भाषेतले शब्द वर्षभरात सापडतात.

दोष एकट्या विद्यापीठाचा नाही, सरकारचाही आहे. सरकारी सेवांसाठी पदवीची अट नसावी, स्वतंत्र परीक्षा घ्याव्यात, असे राधाकृष्णन आयोगाने १९४९ सालीच सुचवले. नोकरी व पदवी ह्यांची फारकत करावी, हे १९८६ च्या शैक्षणिक धोरणातही आले. तरीही जाहिरातीत पदवी मागितली जाते, आणि परीक्षेत मात्र त्या पदवीच्या विषयाचे बहुधा अक्षरही विचारले जात नाही. कनिष्ठ लिपिकाच्या जागेस तर बारावी पुरते. मिनिटाला इंग्रजी पस्तीस किंवा हिंदी तीस शब्द टंकलिखित करता आले की झाले. त्या जागेसाठीही पदवीधर रांगेत उभे असतात. ही पदवी म्हणजे नाटकगृहाच्या दारावरचे तिकीट झाले: दाखवावे, अर्धे फाडून द्यावे, आणि उरलेले खिशात विसरावे.

स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची एक कसोटी मध्यंतरी आली होती. कर्मचारी निवड आयोगाने पदवीधरांच्या परीक्षेत २०१६ पासून निबंध-पत्रलेखनाची शंभर गुणांची प्रश्नपत्रिका ठेवली. २०२२ च्या परीक्षेपासून ती गेली, आणि पर्यायांतून एक निवडण्याचे राज्य पुन्हा सुरू झाले. जो मनुष्य आयुष्यभर टिप्पण्या लिहिणार, त्याला एक परिच्छेद लिहिता येतो की नाही हे न पाहताच आपण त्याच्या हाती लेखणी देतो!

आमची सूचना साधी आहे. अंतिम टप्प्यात उमेदवारास चाळीस पानांची एक धारिका द्यावी, तीत एक चुकीचा पूर्वदाखला मुद्दाम ठेवावा, आणि दोन तासांत एक पानाची टिप्पणी मागावी. महाविद्यालयांचा अभ्यासक्रम त्यानंतर कोणी बदलावयास सांगण्याची गरज उरणार नाही. विद्यार्थीच अध्यापकांकडे ते मागतील. ह्यावर, इतक्या उत्तरपत्रिका तपासणार कोण, असा आक्षेप येईल. अंतिम टप्प्यावर लाखो नव्हे, हजारो उरतात. आणि आपल्या महाराष्ट्रात बारावीच्या लाखो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका शिक्षक मंडळी दर उन्हाळ्यात हातानेच तपासतात.