सुरी हवी की दागिना?

मंडळी, सुट्टीची तारीख ठरली की घरून सामानाची यादी येते. पूर्वी त्यात खजूर, बदाम, परफ्यूम असायचं. यंदा ट्रेकिंगवाल्या भाच्याने फर्मावलंय, "मामा, दुबईहून एक दणकट सुरी आण. रॅम्बोसारखी, पाठीला करवत असलेली!"

नाही आणणार. का ते ऐका.

हिवाळ्यात आम्ही हत्ताच्या डोंगरात किंवा वाळवंटात मुक्कामाला जातो. तिथे अशा हातभर सुऱ्या कमरेला लावलेले वीर दर सहलीत दिसतात. अरे, पण कापणार काय? घाफ हे २००८ पासून इथलं राष्ट्रीय झाड, त्याला हात लावायचा नाही. सरपण पिशवीतून विकत आणायचं. मग उरलं काय? दोरी, कांदा, कलिंगड! त्याला दहा सेंटिमीटरचं पातं पुरून उरतं. सह्याद्रीतही वेगळं काय कापणार आहात?

घडीचा चाकूही नको. वाळू सांध्यात शिरली की तो ना धड उघडतो, ना मिटतो.

मला विचाराल तर स्कँडिनेव्हियन पद्धतीची साधी, न मिटणारी सुरी घ्या. स्वीडनच्या मोरा गावात १८९१ पासून कारखान्यात अशा सुऱ्या बनतात. तिकडे त्या सुतार, कोळी कामाला वापरतात, मिरवायला नाही. एका महागड्या सुरीच्या पैशात अशा चार येतील. पात्याच्या दोन्ही बाजूंचा रुंद उतार थेट धारेपर्यंत जातो. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप साधतो. म्हणजे धार लावणं नवशिक्यालाही जमतं. दोषही सांगतो. या जाड पात्याने गाजर चिरण्याऐवजी फुटतं, आणि हाडावर मारली तर धार मोडते. कार्बन पोलाद झकास धार घेतं, पण इथल्या दमट किनाऱ्यावर आणि आपल्या कोकणच्या पावसात गंजतं. तेव्हा स्टेनलेसच बरं.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. आमचे अण्णा कोयता पाजवल्याशिवाय बागेत पाऊल टाकत नसत. एकच कोयता, वर्षानुवर्षं. आणि त्यांचा हा इंजिनियर मुलगा? माझी पहिली महागडी सुरी वर्षभरात टोमॅटोही कापेना, तेव्हा मी काय केलं असेल? दुसरी विकत घेतली! पगार वाढला आणि हात अडाणी झाला, दुसरं काय! परदेशी वस्तूचं आपल्याला कौतुक, पण ती राखायची अक्कल घरात होती ती आपणच घालवली.

असो. भाचेबुवा, चेक-इन बॅगेत साधी सुरी आणि धारेचा दगड, दोन्ही येतंय. आधी हातात दगड मिळेल. घरातल्या बोथट विळीला धार लावून दाखव, तिने पिकला टोमॅटो न चेंगरता कापला की सुरी तुझी.